जुन्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी असताना बूटलोडर बिघडला तर

विंडोज आणि लिनक्स एकाच जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे सुखाने नांदत असतात आणि एके दिवशी बटण दाबल्यावर नेहमीच्या निवड-यादीऐवजी काळ्या पडद्यावर एखादी त्रोटक इंग्रजी ओळ उमटते. पहिल्यांदाच हा प्रसंग आलेल्या माणसाला आपली सारी माहिती गेली असे वाटते. प्रत्यक्षात बूटलोडर, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सला जागे करणारा प्रोग्राम, हा डिस्कवरचा अगदी लहानसा तुकडा असतो आणि तो बिघडला तरी छायाचित्रे, कागदपत्रे आणि पत्रव्यवहार आपापल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागांत, जसेच्या तसे राहतात. अशा संगणकांवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. ज्यांच्यातली माहिती खरोखर गेली, त्यांपैकी बहुतेकांत ती नंतरच्या घाईत गेली: कोणी विंडोज पुन्हा टाकले, कोणी चुकीच्या डिस्कवर आज्ञा चालवली, कोणी कुठून तरी मिळालेल्या दहा आज्ञा ओळीने देऊन पाहिल्या. म्हणून संगणक सुरू होण्याची साखळी नेमकी कोणत्या कडीशी तुटली आहे, हे ओळखण्यावर या लेखाचा भर आहे. ते कळले की दुरुस्ती बहुधा दोन-तीन आज्ञांचीच उरते.

हे विवेचन मुख्यतः बायोस, म्हणजे बटण दाबल्यावर सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा जुन्या पद्धतीचा प्रोग्राम, असलेल्या संगणकांना लागू आहे. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून नव्या संगणकांवर त्याच्या जागी युईएफआय सर्रास दिसू लागले. त्याआधीचा संगणक असेल तर तो बायोसचा असण्याची शक्यता फार मोठी आहे. लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत आणि जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे सर्व अक्षरे लहान लिपीतली घ्यायची आहेत.

संगणक सुरू होतो तेव्हा काय घडते

बायोस यादीतल्या पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा, वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटांचा असतो आणि त्याला एमबीआर म्हणतात. त्यातले पहिले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी असतात, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी, म्हणजे प्रत्येक नोंदीला १६, आणि शेवटच्या २ बाइटांत हा सेक्टर वैध असल्याची खूण असते. या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रोग्राम आणि पार्टिशनांचा नकाशा एकाच सेक्टरमध्ये शेजारी-शेजारी बसलेले आहेत. प्रोग्राम बदलताना नकाशाला धक्का लागला, तर साधी दुरुस्ती मोठ्या संकटात बदलते.

तिथे विंडोजचा प्रोग्राम असेल तर तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो आणि त्याच्या पहिल्या सेक्टरकडे सूत्रे सोपवतो; तो सेक्टर एक्सपीमध्ये एनटीएलडीआर ही फाइल आणि व्हिस्टापासून पुढे बूटएमजीआर ही फाइल शोधतो. लिनक्सचा बूटलोडर ग्रब वेगळ्या रीतीने चालतो. ४४६ बाइटांत फाइल-प्रणाली (पार्टिशनमध्ये फाइली मांडण्याची पद्धत) समजण्याइतका प्रोग्राम मावत नाही, म्हणून तिथला तुकडा फक्त एका सेक्टरचा पत्ता लक्षात ठेवतो. त्या पत्त्यावर ग्रबचा गाभा असतो आणि तो सहसा एमबीआर व पहिले पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत ठेवलेला असतो. हा गाभा पुढे लिनक्सच्या पार्टिशनमधल्या ‘/बूट/ग्रब’ या फोल्डरमधून उरलेले भाग आणि निवड-यादी वाचतो. म्हणजे ग्रब तीन ठिकाणी विभागलेला असतो, आणि या तिन्ही भागांचा एकमेकांशी मेळ असेल तेव्हाच संगणक सुरू होतो. लिनक्सच्या बाजूचे बहुतेक बिघाड हा मेळ तुटल्याचेच प्रकार आहेत.

मधल्या पट्टीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण जुन्या संगणकांची खास दुखणी तिथेच आहेत. एक्सपीच्या काळात पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची पद्धत होती, त्यामुळे पट्टीत जेमतेम ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ किलोबाइट जागा उरते. व्हिस्टापासून पहिले पार्टिशन १ मेगाबाइटवर सुरू होऊ लागले आणि अडचण सुटली. पण एक्सपीच्या वेळी विभागलेली डिस्क आजही वापरात असेल, तर नव्या ग्रबचा गाभा कधी कधी तिथे मावत नाही आणि बसवताना तशी सूचना येते. याशिवाय विंडोजवरचे काही सशुल्क प्रोग्राम आपल्या परवान्याची नोंद याच पट्टीत गुपचूप करून ठेवत. एखादा ठरावीक प्रोग्राम विंडोजमध्ये चालवला की पुढच्या वेळी ग्रब मोडतो, असा अनुभव येत असेल तर कारण बहुधा हेच असते.

हात लावण्यापूर्वीची तयारी

पडद्यावरच्या संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे. मग दुसऱ्या संगणकावर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काहीही न बसवता जिच्यावरून लिनक्स थेट चालते अशी, तयार करावी. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर वितरण (डेबियन, उबुंटू यांसारखा लिनक्सचा प्रकार) निवडताना काळजी घ्यावी लागते, कारण बहुतेक मोठ्या वितरणांनी अशा संगणकांचा आधार काढून घेतला आहे. डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणे थांबवले, त्यामुळे तिथे १२ वी आवृत्ती घ्यावी. फार जुना बायोस पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल तर सीडी किंवा डीव्हीडी वापरावी. लाइव्ह सिस्टिम सुरू झाल्यावर ‘इन्स्टॉल’ न निवडता नुसती वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा.

त्यानंतरचे पहिले काम दुरुस्तीचे नाही. विंडोजचे आणि लिनक्सचे पार्टिशन उघडून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे झाले की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ या आज्ञेने (‘एसडीए’ हे सहसा पहिल्या डिस्कचे नाव असते) डिस्कची प्रकृती पाहावी आणि येणाऱ्या तक्त्यातल्या ५ व १९७ या क्रमांकांच्या ओळींकडे लक्ष द्यावे. पहिली ओळ खराब म्हणून बदललेले सेक्टर मोजते, दुसरी वाचता न येणारे. १९७ समोरचा शेवटचा आकडा शून्यापेक्षा बराच मोठा असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बूटलोडरचा विचार सोडून आधी डिस्क बदलावी. मरणाऱ्या डिस्कवर केलेली दुरुस्ती आठवडाभरही टिकत नाही.

आता पहिल्या सेक्टरची प्रत घ्यावी: ‘सुडो डीडी इफ=/डेव्ह/एसडीए ऑफ=एमबीआर.बिन बीएस=५१२ काउंट=१’. ही फाइल त्याच संगणकावर न ठेवता बाहेर ठेवावी. प्रत परत लिहिण्याची वेळ आली तर मात्र ५१२ च्या जागी ४४६ लिहावे, म्हणजे फक्त प्रोग्राम परत येईल आणि पार्टिशनांचा नकाशा आहे तसाच राहील. एकदा मी जुनी प्रत पूर्ण ५१२ बाइटांसह परत लिहिली होती. दरम्यान पार्टिशनांच्या सीमा बदललेल्या असल्याने तो संगणक आपलीच पार्टिशने ओळखेनासा झाला. टेस्टडिस्क या प्रोग्रामने डिस्क चाळून हरवलेल्या सीमा शोधून दिल्या आणि माहिती वाचली, पण त्या कामात अख्खी रात्र गेली. तेव्हापासून हा आकडा मी दोनदा वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

बूटलोडरचा दोष नसलेल्या गोष्टी

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावलेले राहिले असेल तर ते काढून पाहावे. बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का हे पाहावे. दिसत नसेल तर केबल सैल झाली आहे किंवा डिस्क गेली आहे. संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपली असे समजावे. ती संपली की बायोसमधल्या सर्व निवडी मूळपदावर जातात: डिस्कांचा क्रम बदलतो आणि डिस्कच्या साटा जोडणीची पद्धतही एएचसीआयऐवजी आयडीई होऊ शकते. अशा वेळी लिनक्स निमूटपणे सुरू होते, पण विंडोज निळा पडदा दाखवून ०x००००००७बी हा दोष सांगते. बॅटरी बदलून जुनी निवड परत केली की काम होते, आणि बूटलोडरला हात लावण्याची गरजच पडत नाही.

संदेश काय सांगतो

सर्वांत सोपी अवस्था म्हणजे कसलाही संदेश न येता थेट विंडोज सुरू होणे. विंडोज नव्याने टाकले की त्याचा इन्स्टॉलर न विचारता एमबीआरमध्ये आपला प्रोग्राम लिहितो. लिनक्स जागेवरच असते, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट पुसली जाते. ग्रब पुन्हा बसवला की ती परत येते.

‘बूटएमजीआर इज मिसिंग’ किंवा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असे आले तर एमबीआरमधला प्रोग्राम चालला, कोणत्या तरी पार्टिशनपर्यंत पोहोचला आणि तिथे हवी ती फाइल सापडली नाही, असा अर्थ होतो. अनेकदा ‘अ‍ॅक्टिव्ह’ खूण चुकीच्या पार्टिशनवर गेलेली असते.

‘ग्रब रेस्क्यू’ असा संकेत दिसला तर ग्रबचा गाभा सुखरूप आहे, पण त्याला आपले फोल्डर सापडत नाही. एखादे पार्टिशन पुसले, जोडले किंवा सरकवले, की क्रमांक बदलतात आणि हे घडते. नुसते ‘ग्रब’ आणि पुढे बाणासारखी खूण दिसत असेल तर फोल्डरही सापडले आहे, फक्त निवड-यादीची फाइल नाही. यादी नीट येते पण लिनक्स निवडल्यावर ‘कर्नल पॅनिक’ येते, तेव्हा ग्रबने आपले काम पूर्ण केलेले असते. ‘/बूट’ पार्टिशन भरल्यामुळे नव्या कर्नलसोबतची (कर्नल म्हणजे लिनक्सचा मूळ प्रोग्राम) फाइल अपुरी लिहिली गेली असण्याची शक्यता मोठी असते. यादीतून जुना कर्नल निवडून आत शिरावे, नको असलेले कर्नल काढावेत आणि नवा पुन्हा बसवावा.

‘अटेम्प्ट टु रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क’ हा संदेश मात्र जुन्या संगणकांचाच आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. काही जुने बायोस डिस्कवरच्या पहिल्या १३७ गिगाबाइटांपलीकडचे वाचू शकत नाहीत. ग्रब डिस्क वाचण्यासाठी बायोसवर अवलंबून असतो, तर लिनक्सचा कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने वाचतो, त्यामुळे एकदा सुरू झालेले लिनक्स पूर्ण डिस्क व्यवस्थित वापरते. मग एखाद्या अद्यतनात नवा कर्नल त्या सीमेपलीकडे लिहिला जातो आणि कालपर्यंत चालणारा संगणक आज अडतो. ग्रब कितीही वेळा बसवला तरी उपयोग होत नाही. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ‘/बूट’साठी सुमारे १ गिगाबाइटचे वेगळे पार्टिशन करणे हाच टिकाऊ उपाय आहे.

रेस्क्यू संकेतावरून बाहेर पडणे

‘एलएस’ ही आज्ञा दिली की डिस्क आणि पार्टिशने (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस१), (एचडी०,एमएसडॉस५) अशा रूपात दिसतात. डिस्कांची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनांची एकपासून होते; विस्तारित पार्टिशनच्या आतल्या भागांना नेहमी ५ पासून पुढचे क्रमांक मिळतात. मग प्रत्येक नाव घेऊन ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/’ असे विचारत जावे, शेवटची तिरकी रेघ न विसरता. विंडोजच्या पार्टिशनसाठी ‘अननोन फाइलसिस्टम’ असे उत्तर आले तर घाबरू नये, कारण या अवस्थेत ग्रबला सहसा लिनक्सचीच फाइल-प्रणाली कळते. ज्या पार्टिशनमध्ये ‘बूट’, ‘होम’, ‘युएसआर’ अशी नावे दिसतील ते आपले.

ते ५ क्रमांकाचे आहे असे धरून पुढील चार आज्ञा एकेक करून द्याव्यात: ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)’, ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्या पार्टिशनचा क्रमांक घ्यावा आणि वाटेतला ‘/बूट’ गाळून नुसते ‘/ग्रब’ लिहावे. निवड-यादी येते, लिनक्स सुरू होते, पण ही सोय तेवढ्याच वेळेपुरती असते. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे. इथे संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे आहे, पार्टिशनचे नव्हे. नावापुढे चुकून अंक लावला तर ग्रब ब्लॉकलिस्टचा उल्लेख करून नकार देतो. तो नकार ऐकावा, जबरदस्तीचा पर्याय वापरू नये.

लाइव्ह सिस्टिममधून ग्रब बसवणे

रेस्क्यूमधून वाट निघत नसेल, किंवा विंडोजने एमबीआर बदलला असेल, तर हा मार्ग घ्यावा. प्रथम ‘एलएसबीएलके’ देऊन सर्व डिस्कांची यादी पाहावी. लाइव्ह पेनड्राइव्हलाच कधी कधी ‘एसडीए’ हे नाव मिळते आणि आतली डिस्क ‘एसडीबी’ होते, म्हणून नावावर विसंबून न राहता आकारावरून डिस्क ओळखावी. चुकीच्या डिस्कवर आज्ञा चालण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे.

लिनक्सचे पार्टिशन ‘एसडीए५’ असेल तर ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीए५ /एमएनटी’ द्यावे. ‘/बूट’ वेगळे असेल तर ते ‘/एमएनटी/बूट’ वर जोडावे. मग ‘सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’ द्यावे आणि याच धर्तीवर ‘/प्रॉक’ व ‘/सिस’ जोडावेत. ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’ दिल्यावर टर्मिनल डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरते. तिथे ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञा द्याव्यात. फेडोरावर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ आणि ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ ही नावे आहेत. डिस्कवरचे लिनक्स ६४ बिटचे आणि लाइव्ह सिस्टिम ३२ बिटची असेल तर सीएचरूट चालत नाही. उलट मात्र चालते.

संगणकात दोन डिस्क असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डेबियन आणि उबुंटू ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याची नोंद ठेवतात, आणि डिस्क बदलली तरी ती नोंद जुनीच राहू शकते. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि तिच्यावरचे अद्यतन आले, तेव्हा अशा अनेक संगणकांवर फोल्डरमधले भाग नवे झाले पण बायोस ज्या डिस्कवरून सुरू होत होता तिच्यावरचा गाभा जुनाच राहिला, आणि ‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ असा दोष दिसू लागला. वरच्या रीतीने ग्रब योग्य डिस्कवर बसवून, ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ या आज्ञेने योग्य डिस्क निवडून ठेवली की पुढच्या अद्यतनात तोच प्रसंग येत नाही.

यादीत विंडोज दिसत नसेल तर

ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर हा भाग मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ लिहावी, ‘फॉल्स’ हा शब्द लहान आणि त्याआधीचे सर्व मोठ्या लिपीत, आणि मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे. विंडोज ८ किंवा १० असेल तर त्यातले ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे, ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्याचे पार्टिशन मोकळेपणी उघडता येत नाही.

विंडोजच्या बाजूची दुरुस्ती

दोन्ही बाजू बिघडल्या असतील तर आधी विंडोज दुरुस्त करावे आणि ग्रब शेवटी बसवावा, कारण विंडोजची साधने ग्रबला पुसून टाकतात. विंडोज ७ किंवा १० च्या इन्स्टॉलरच्या डीव्हीडीवरून दुरुस्तीचा पर्याय निवडून कमांड प्रॉम्प्टमध्ये जावे. ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम बदलते, ‘बूटरेक /फिक्सबूट’ पार्टिशनच्या सुरुवातीचा, आणि ‘बूटरेक /रीबिल्डबीसीडी’ विंडोजची स्वतःची यादी नव्याने तयार करते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ खूण हलवायची असेल तर ‘डिस्कपार्ट’मध्ये डिस्क व पार्टिशन निवडून ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द द्यावा. याच प्रोग्राममधली ‘क्लीन’ ही आज्ञा डिस्कवरचा पार्टिशनांचा नकाशाच पुसते, तेव्हा तिच्या वाटेलाही जाऊ नये. एक्सपीसाठी रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘फिक्सएमबीआर’ आणि ‘फिक्सबूट’ या आज्ञा आहेत.

लिनक्स कायमचे काढायचे असेल तर आधी ‘फिक्सएमबीआर’ करावे, विंडोज आपोआप सुरू होते याची खात्री करावी, आणि त्यानंतरच लिनक्सचे पार्टिशन पुसावे. हा क्रम उलटा केल्यामुळे ‘ग्रब रेस्क्यू’वर अडकलेले संगणक मी सर्वाधिक पाहिले आहेत.

सुरुवातीच्या युईएफआय संगणकांबद्दल

लाइव्ह सिस्टिममध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर असेल तर ती युईएफआय पद्धतीने सुरू झालेली आहे. डिस्कवरच्या सिस्टिम ज्या पद्धतीने बसवल्या होत्या त्याच पद्धतीने लाइव्ह पेनड्राइव्हही सुरू करावी. दोन पद्धतींची सरमिसळ झाली तर दुरुस्ती यशस्वी दिसते आणि संगणक तरीही सुरू होत नाही. युईएफआयमध्ये कोणती सिस्टिम आधी सुरू करायची या क्रमाची नोंद मदरबोर्डवर असते आणि ती ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ने पाहता व बदलता येते. सुरुवातीच्या काही संगणकांचे फर्मवेअर मात्र ही नोंद न जुमानता विंडोजलाच पुढे करते. तिथे फर्मवेअरच्या सेटिंगमधून किंवा सुरू होतानाच्या बूट-यादीतून लिनक्सची नोंद हाताने निवडून पाहावी.

दुरुस्ती झाल्यावर दोन्ही सिस्टिम प्रत्येकी दोनदा सुरू करून पाहाव्यात, आणि त्यांतली एक वेळ संगणक पूर्ण बंद करून, वीज काढून घेतल्यानंतरची असावी, म्हणजे बॅटरीचा दोषही उघड होईल. मग पहिल्या सेक्टरची नवी प्रत घ्यावी, ‘सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए’ या आज्ञेने मिळणारा पार्टिशनांचा नकाशा तिच्यासोबत फाइलमध्ये जपावा, आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर आवृत्ती व तारीख लिहून ती संगणकाजवळच ठेवावी.